डाळ मिलच्या एलिव्हेटरला जळका वास, पट्टा पुन्हा पुन्हा तापतो: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

लातूर, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यातल्या डाळ आणि बेसन मिलांची फिटिंग-दुरुस्ती हा माझा धंदा. तुरीचा नवा माल बाजारात आला, मिला दोन पाळ्यांत चालायला लागल्या, की एक फोन ठरलेला असतो: "मिस्त्री, एलिव्हेटरला जळका वास यायलाय." (एलिव्हेटर म्हणजे पट्ट्यावर लावलेल्या बकेटांतून माल खालून वर नेणारं उभं यंत्र.) जाऊन पट्टा ताणायचा, ग्रीस भरायचं, की काही दिवस वास जातो. मग त्याच मिलमधून, त्याच एलिव्हेटरसाठी पुन्हा फोन. पट्टा ताणून बरा होणारा हा आजार नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

आधी बघा, धूर आहे का?

वासाबरोबर धूरही दिसत असेल तर बाकीचं नंतर वाचा. माल टाकणं थांबवा. एलिव्हेटर, ब्लोअर, सगळं मेनवरून बंद करा, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन लावा.

या वेळी तीन गोष्टी हमखास केल्या जातात आणि तिन्ही घातक आहेत. पहिली, "बघू तरी काय झालंय" म्हणून झाकण उघडणं. आत धुमसणाऱ्या मालाला हवा कमी पडत असते म्हणून तो नुसता धुमसत असतो. झाकण उघडलं की हवाही जाते आणि धक्क्यानं आतली धूळही उडते. दुसरी, "चालवून रिकामा करून घेऊ." यानं निखारा बकेटमध्ये बसून थेट वरच्या टाकीत जातो. तिसरी, नळीनं जोराचं पाणी मारणं. धुळीच्या थरावर जोराचा झोत पडला की आधी धूळ हवेत जाते, भिजते नंतर. अग्निशमनवाले आले की त्यांना पहिलं वाक्य हेच सांगा: आत पिठाची धूळ आहे, पाणी तुषार करून मारा.

लक्षणं

धूर नाही, नुसता वास आहे, तर नीट हुंगा. वास दोन प्रकारचे असतात. रबर जळल्याचा वास आला तर पट्टा वरच्या पुलीवर घसरतोय किंवा केसिंगला, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या आवरणाला, घासतोय. बेसन कढईत करपल्यासारखा वास आला तर माल किंवा धूळ कुठेतरी गरम लोखंडाला चिकटून भाजतेय. ती जागा बहुतेक वेळा बेअरिंगजवळ, नाहीतर खालच्या बूटमध्ये (एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत) सापडते. हा दुसरा वास मला जास्त घाबरवतो, कारण रबराचा वास सगळ्यांना लगेच खटकतो आणि करपलेल्या बेसनाचा वास मिलमध्ये कुणाला वावगा वाटत नाही.

बाकीच्या खुणा: मोटर नेहमीपेक्षा जास्त ॲम्पिअर घेते, ओव्हरलोड रिले (भार वाढला की मोटर बंद करणारा) वारंवार पडतो. लाईट येऊन मशीन चालू करताना एलिव्हेटर कण्हतो, पुली फिरते पण बकेट वर येत नाहीत. आतून ठराविक अंतरानं ठक-ठक आवाज येतो. केसिंगच्या एका बाजूचा रंग उडून पत्रा चकाकतो. सांध्यांतून धुळीचे लोट निघतात. वरच्या बेअरिंगभोवती काळपट-तपकिरी पापडी धरलेली असते.

"आपल्याकडे कुठं गॅस आहे?"

स्फोटाचं नाव काढलं की मालकांचं हे वाक्य ठरलेलं. याचं उत्तर कोळशाच्या खाणींनी फार महागात दिलेलं आहे.

खाणीत मिथेन असतो हे सगळ्यांना माहीत असतं. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे असलं की ठिणगी पुरते. पण मोठ्या दुर्घटनांत बहुतेक माणसं त्या पहिल्या भडक्यानं मेलेली नाहीत. पहिल्या भडक्याचा धक्का बोगद्याच्या तळावर आणि भिंतींवर साठलेली कोळशाची धूळ उचलतो, मागून येणारी ज्वाला ती धूळ पेटवते, तिचा धक्का पुढची धूळ उचलतो, आणि आग स्वतःच स्वतःला माल पुरवत मैलोन्‌मैल पळते. फ्रान्समधली कुरिएर खाण गॅससाठी बदनाम नव्हती, कामगार उघड्या ज्योतीचे दिवे घेऊन उतरायचे. १० मार्च १९०६ ला तिथे धुळीनं पेट घेतला आणि १,०९९ माणसं गेली. आपल्या देशात ढोरी खाणीत २८ मे १९६५ ला २६८ जण गेले, तिथेही मुख्य गुन्हेगार धूळच.

डाळ मिलमध्ये मिथेनची जागा एलिव्हेटर घेतो. मिलच्या मोकळ्या हवेत जी धूळ तरंगताना दिसते ती सहसा स्फोटाएवढी दाट नसते. तेवढ्या दाट धुळीत दोन मीटरवरचा बल्बसुद्धा धड दिसत नाही, माणूस तिथे उभाच राहणार नाही. एलिव्हेटरच्या बंद केसिंगमध्ये मात्र तेवढी दाट धूळ रोजच उडत असते. तिथे पहिला भडका होतो. तो छोटा असू शकतो, केसिंगचा पत्रा फाटण्याइतका. त्या धक्क्यानं तुळयांवरची, केबल ट्रेवरची, पत्र्याखालच्या अँगलवरची धूळ खाली कोसळली, की दुसरा भडका अख्ख्या शेडमध्ये होतो. इमारत पाडणारा आणि माणसं मारणारा तो दुसरा.

खाणीत यावर उपाय म्हणून तळावर आणि भिंतींवर चुनखडीची पावडर मारतात. कोळशाबरोबर तीही उडते आणि ज्वाला विझवते. बेसनात आपण चुनखडी मिसळू शकत नाही. आपल्या हातात झाडूच उरतो, आणि म्हणून तपासणी तिथूनच सुरू.

पहिली तपासणी: वर बघा (खर्च काही नाही)

शिडी लावून तुळईवर बोट फिरवा. रेघ स्पष्ट उमटली आणि खालचा रंग आता कुठे दिसला, तर थर जास्त झालाय. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत साधारण ०.८ मिलिमीटरचा थर ही धोक्याची रेघ धरलेली आहे. ऐकायला हास्यास्पद वाटतं, म्हणून हिशेब करून दाखवतो. १ मिलिमीटर थर आणि धुळीचं वजन घनमीटरला ५०० किलो धरलं, तर एका चौरस मीटरवर अर्धा किलो धूळ बसली. ५ मीटर उंचीच्या खोलीत तेवढी सगळी उडाली तर घनमीटरला १०० ग्रॅम होते. धान्याच्या बऱ्याच धुळींना स्फोटाला ५०-६० ग्रॅमच्या आसपास पुरते. आणि आपल्या मिलांत तुळयांवर मिलिमीटर नाही, बोटबोट थर असतात. इमरी रोलच्या (डाळीची साल घासून काढणाऱ्या रोलच्या) वरची जागा तर विचारूच नका.

झाडताना मशीन बंद आणि थंड असू द्या. वरून खाली या. कॉम्प्रेसरनं फुंकर मारून "झटक्यात" सफाई करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तुम्ही स्वतःच्या हातानं तो धुळीचा ढग बनवताय. साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मोटरच्या ब्रशला ठिणग्या असतात. मऊ झाडू, सुपली, पोतं. धूळ गोळा करून कोपऱ्यात ठेवायची नाही, चुनीच्या पोत्यांशेजारी तर नाहीच.

यानं पट्टा तापायचा थांबणार नाही, हे कबूल. पण पट्टा तापूनही अख्खी शेड जाणार नाही. एवढंच एक काम करायला जमणार असेल तर हेच करा.

दुसरी तपासणी: लाईट गेल्यावर काय करता? (खर्च काही नाही)

आपल्या भागातल्या या आजाराचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. लाईट जाते तेव्हा एलिव्हेटरच्या एका बाजूच्या सगळ्या बकेट भरलेल्या असतात. बॅकस्टॉप (पट्टा उलटा फिरू न देणारा अडकाव) नसेल किंवा तुटलेला असेल तर भरलेल्या बाजूच्या वजनानं पट्टा उलटा फिरतो आणि सगळा माल बूटमध्ये ओततो. वरून हॉपरची (माल सोडणाऱ्या टाकीची) झडप उघडीच राहिलेली असते, त्यातूनही माल येत राहतो. अर्ध्या तासानं लाईट येते तेव्हा खालची पुली मालात गाडलेली असते. ऑपरेटर स्टार्टर दाबतो. वरची पुली फिरते, पट्टा जागचा हलत नाही. पुली पट्ट्यावर घासत राहते, ओव्हरलोड पडतो, तो पुन्हा दाबतो. चार वेळा दाबल्यावर पट्टा "सुटतो" आणि सगळे खूश. तोवर वरच्या पुलीचं रबर तापून गुळगुळीत झालेलं असतं. उद्यापासून पट्टा साध्या लोडवरही घसरणार.

लाईट गेली की पहिलं काम हॉपरची झडप बंद. लाईट आली की स्टार्टरला हात लावण्याआधी बूटची खालची झडप उघडून माल काढायचा, त्या वेळी मेन बंद आणि फ्यूज खिशात. सुरू करताना शेवटच्या मशीनपासून मागे यायचं, माल टाकणं सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट, आधी माल थांबवायचा. मोठ्या मिलांत हे पॅनेलमध्येच इंटरलॉक करून घेता येतं, म्हणजे क्रम चुकला की मशीन सुरूच होत नाही. छोट्या मिलमध्ये स्टार्टरशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवून ठेवलेलं असेल तर वायरमनकडून मूळ जागी आणून घ्या. तो रिले तुम्हाला त्रास द्यायला बसवलेला नाही.

तिसरी तपासणी: बूट आणि बकेट

मेन बंद करून बूटचं झाकण उघडा. एका बेसन मिलमध्ये असंच झाकण काढलं तेव्हा खालच्या पुलीच्या दोन्ही टोकांना मालाचा कडक थर सापडला होता. बाहेरून पिवळा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला की आतून चॉकलेटी, आणि पुलीला चिकटलेल्या बाजूला अगदी काळा. बेसन आठवडेच्या आठवडे तिथे दाबलं जाऊन घासत होतं, रोज थोडं भाजत होतं. बेअरिंग नवी होती, पट्टाही नवा होता. मालकांनी दोन्ही वासामुळेच बदलून घेतले होते, बूट मात्र उघडलाच नव्हता.

असा काळा थर दिसला तर तो पूर्ण खरवडून काढा, पाण्याच्या बादलीत टाका, पोत्यात नको. आतून धुमसत असेल तर बाहेरून कळत नाही.

त्याच वेळी पट्टा हातानं फिरवून एकेक बकेट बघा. ठक-ठक आवाज म्हणजे बोल्ट ढिला झालेली किंवा वाकलेली बकेट केसिंगला लागतेय. लोखंडी बकेट पत्र्यावर आपटली की ठिणगी. मॅग्नेट आणि खड्याची जाळी बघून घ्या. मॅग्नेटवर खिळे-बोल्टांची दाढी वाढलेली असेल तर तो भरलाय, आणखी काही पकडणार नाही.

चौथी तपासणी: बेअरिंग (ग्रीस आणि एक टेंपरेचर गन)

उडालेली धूळ पेटायला जेवढी उष्णता लागते, त्यापेक्षा बरीच कमी उष्णता साठलेला थर धुमसायला पुरते. म्हणून बेअरिंगवर बसलेली धूळ हवेतल्या धुळीइतकीच गंभीर घ्यायची. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला स्फोट होऊन १४ कामगार गेले. तपासात सर्वांत संभाव्य कारण निघालं ते साखरेच्या टाक्यांखालच्या कन्व्हेयरची तापलेली बेअरिंग. त्या कन्व्हेयरवर आदल्या वर्षी पत्र्याचं आवरण घातलं होतं, साखरेत कचरा पडू नये म्हणून. धूळ ओढून घ्यायची सोय मात्र केली नाही, त्यामुळे आत ती दाटत गेली. आपल्याकडेही "धूळ बाहेर येते" म्हणून एलिव्हेटरचे सांधे सिलिकॉननं बुजवतात आणि ब्लोअरचं सक्शन तसंच चोंदलेलं राहतं. धूळ बाहेर दिसेनाशी होते, आत दुप्पट होते.

टेंपरेचर गन एक-दोन हजारांत मिळते, घेऊन ठेवा. नुसता आकडा बघून निष्कर्ष काढू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. तिथे बेअरिंग आपसूकच गरम लागणार. त्यामुळे एकाच शाफ्टच्या दोन टोकांची तुलना करा. एक टोक दुसऱ्यापेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापत असेल तर तिथे काहीतरी बिनसलंय. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहिलं तर बेअरिंग जायच्या आधीच आकडे चढताना दिसतात.

ग्रीसबद्दल एक तक्रार आहे. "भरपूर ग्रीस मारलंय" हे अभिमानानं सांगितलं जातं. जास्त ग्रीसनं बेअरिंग उलट तापते, सील फुटतं, आणि बाहेर आलेल्या ग्रीसवर धूळ चिकटून तीच पापडी तयार होते. जुनं ग्रीस पुसून, मोजकं भरा.

पाचवी तपासणी: पट्टा

मुद्दाम इतक्या खाली ठेवली. सगळे पहिला हात इथेच घालतात, आणि घसरणाऱ्या पट्ट्याला आणखी ताण देतात. ताण वाढला की बेअरिंगवर भार वाढतो, ती तापते, आणि आजार एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. वरच्या पुलीचं रबर गुळगुळीत झालं असेल तर कितीही ताणा, पट्टा घसरणारच. ते रबर बदला. पट्टा एका बाजूला पळत असेल तर दोन्ही टेक-अप बोल्ट (पट्टा ताणायचे) सारखे आहेत का, वरची पुली पातळीत आहे का ते बघा. चकाकता घासलेला पत्रा कुठल्या बाजूला आहे, त्यावरून पट्टा कुठे पळतो ते कळतं.

सहावी तपासणी: अर्थिंग आणि दिवे

हे वायरमनचं काम, पण विचारायचं काय ते तुम्हाला माहीत पाहिजे. कोरड्या हवेत पट्टा आणि पाइपमधून वाहणारा माल स्थिर वीज तयार करतो. ती जमिनीत जायला वाट हवी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात चांगली दाखवणारी अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होते. मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या आणि खड्ड्यात पाणी घालत राहा. डक्टमध्ये मधेच प्लॅस्टिकचा पाइप किंवा कापडी सांधा असेल तर दोन्ही बाजूंचं लोखंड तांब्याच्या तारेनं जोडून घ्या. उघडा बल्ब, हॅलोजन धुळीच्या जागी नको. हॅलोजनच्या काचेवर धूळ भाजते.

वेल्डिंग

ही तपासणी नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पत्रा फाटला, बकेट तुटली, की कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावून एलिव्हेटरवर जागेवरच टाका मारायचा, ही आपल्याकडची रीत. आत धूळ असताना केसिंगवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर म्हणजे सरळ काडी लावणं. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३७ याच धुळीसाठी आणि याच ठिणग्यांसाठी लिहिलेलं होतं. तुकडा सुटा होत असेल तर शेडबाहेर नेऊन जोडा. होत नसेल तर एलिव्हेटर पूर्ण रिकामा आणि आतून साफ, आजूबाजूला निदान १० मीटर धूळ नाही, जवळची सगळी तोंडं ओल्या गोणपाटानं बंद, आणि काम संपल्यावर निदान तासभर एक माणूस पाणी घेऊन तिथेच बसलेला. मिल बंद करायच्या वेळेला वेल्डिंग संपवून कुलूप लावून घरी जाऊ नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

एकाच हंगामात तीच बेअरिंग दुसऱ्यांदा गेली, तर तिसरी बसवू नका. शाफ्ट वाकलाय किंवा पुली सेंटरमध्ये नाही, ते मापून बघायला मिलराइट (यंत्रं मापून जुळवणारा कारागीर) लागतो. बूटमध्ये काळा थर सफाईनंतरही पुन्हा धरत असेल तरी तेच.

ब्लोअरचं सक्शन कमी पडतंय असं दिसलं तर आधी सायक्लोनखालचा (हवेतून धूळ वेगळी करणाऱ्या नरसाळ्याखालचा) एअरलॉक आणि बॅग फिल्टर साफ करा. त्यानंतरही धूळ बाहेर येत असेल तर डक्टचं माप चुकलेलं आहे. मोठा ब्लोअर आणून प्रश्न सुटेलच असं नाही, डिझाइन करणाऱ्याकडून मोजून घ्या.

खालच्या पुलीचा वेग मोजणारा सेन्सर आणि बेअरिंगचे तापमान सेन्सर हे दोन्ही मी प्रत्येक मिलला सुचवतो. पुलीचा वेग पडला की मोटर आपोआप बंद, म्हणजे ऑपरेटरनं चार वेळा स्टार्टर दाबायचा प्रश्नच मिटला. पण ते पॅनेलला जोडणं धुळीच्या जागेची वायरिंग जाणणाऱ्यानंच करावं. स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप तर स्वतः कापून बसवायचीच नाही. कुठे, केवढी, आणि तिचं तोंड शेडबाहेर कसं काढायचं याचा हिशेब असतो. चुकीच्या जागी बसवली तर ज्वाला सरळ माणसांवर येते. नवी मिल बांधत असाल तर एलिव्हेटर शेडच्या बाहेरच उभा करा, सुरुवातीला करायला हे फार महाग नाही. यातलं काय तुमच्या मिलला लागू पडतं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारा. दंड होईल या भीतीनं न विचारणारे बरेच आहेत.

आणि कुणालाही फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: वास रबराचा की करपल्याचा, वरून की खालून, लाईट गेल्यानंतर येतो की चालू असतानाच, मोटरचे ॲम्पिअर किती, दोन्ही टोकांच्या बेअरिंगचे आकडे, बूट शेवटचा कधी उघडला, आणि गेल्या महिन्याभरात एलिव्हेटरवर कुठे वेल्डिंग झालं का.